गुणवत्ता आहे, गिऱ्हाईक कुठे आहे?

भाऊबीज आटोपली की भंडारा जिल्ह्यात गावोगावी मंडई भरू लागते. धान कापून घरात आलेले असते, लेकीबाळी माहेरी आलेल्या असतात आणि घराघरांत पाहुण्यांची वर्दळ असते. पवनी, लाखांदूर, साकोली, लाखनी, मोहाडी, तुमसर कोणत्याही तालुक्यात जावे, दिवसा मंडई किंवा शंकरपट आणि रात्री दंडार, खडी गंमत नाही तर नाटक, असा क्रम पुढे कित्येक आठवडे चालतो. थंडीत घोंगडी पांघरून, तिकीट काढून, उजाडेपर्यंत नाटक पाहणारा प्रेक्षक या झाडीपट्टीत आजही आहे. ज्या प्रदेशाची ओळख राज्याच्या इतर भागाला केवळ तलाव, धान आणि मागासलेपण एवढीच करून दिली जाते, तेथील माणूस करमणुकीसाठी स्वखुशीने पैसे मोजतो, ही गोष्ट नोंद घेण्यासारखी आहे.

त्याच मंडपाच्या बाहेर, चहाच्या टपरीशेजारी, दुसरा एक खेळ रंगलेला असतो. चौदा-पंधरा वर्षांची मुले मोबाइलवर माना खाली घालून बसलेली असतात. हा खेळ बहुधा दक्षिण कोरियाच्या किंवा आणखी एखाद्या परदेशी कंपनीचा असतो. तो फुकट उतरवून घेता येतो. त्यातील योद्ध्याचे नाव, गाव, पोशाख, शस्त्र यांतील क्वचितच काही या मातीतले असते. मुलांना त्याची खंत नाही आणि मुलांना दोष देण्यातही अर्थ नाही. त्यांच्या हाती जे आले ते त्यांनी घेतले. प्रश्न असा आहे की, दुसरे काही त्यांच्या हाती का आले नाही? तसे कोणी बनवलेच नाही, की बनवूनही ते येथवर पोहोचले नाही?

बनवलेच नाही, असे म्हणता येत नाही. म्हणूनच हा विषय गांभीर्याने घेण्याजोगा आहे.

पुण्यातील एका मुलीची कथा

पुण्यातील ‘नॉडिंग हेड्स गेम्स’ या छोट्या संस्थेने ‘राजी : अॅन एन्शन्ट एपिक’ नावाचा संगणकीय खेळ तयार केला. देव आणि असुर यांच्यातील युद्ध पुन्हा पेटले आहे, असुरांनी लहान मुलांना पळवून नेले आहे आणि सर्कशीत कसरती करणारी राजी आपल्या धाकट्या भावाच्या, गोलूच्या, शोधात निघाली आहे, असे त्याचे कथानक आहे. दुर्गामाता तिला शस्त्र देते. तिच्या प्रवासावर दुर्गा आणि विष्णू यांचा संवाद चालू राहतो आणि त्यातूनच खेळणाऱ्याला कथा कळत जाते. महाल आणि किल्ले राजस्थानी स्थापत्याच्या धाटणीचे आहेत, रंगांवर पहाडी चित्रशैलीचा संस्कार आहे आणि कथेचे दुवे छाया-बाहुल्यांच्या खेळातून उलगडतात. हे काम जाणकारीने आणि जीव ओतून केलेले आहे, हे पहिल्या काही मिनिटांतच ध्यानात येते.

या खेळासाठी २०१७ मध्ये ‘किकस्टार्टर’ या संकेतस्थळावर लोकवर्गणीचे आवाहन करण्यात आले. तेथील नियम असा की, ठरवलेली रक्कम मुदतीत पूर्ण जमली तरच ती मिळते, अन्यथा एक पैसाही हाती येत नाही. उद्दिष्ट गाठले गेले नाही. काम थांबू नये म्हणून संस्थापकांवर राहते घर विकण्याची वेळ आली. अखेर ऑगस्ट २०२० मध्ये निन्टेन्डोच्या यंत्रावर आणि त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये संगणक व इतर यंत्रांवर हा खेळ प्रकाशित झाला. वर्षअखेरीस ‘द गेम अवॉर्ड्स’ या अमेरिकेतील प्रतिष्ठेच्या सोहळ्यात, नवोदितांच्या सर्वोत्तम खेळासाठी जगभरातून निवडलेल्या पाच नामांकनांत ‘राजी’चा समावेश झाला.

म्हणजे जगाने दखल घेतली. पण पुण्यापासून भंडाऱ्यापर्यंतच्या किती घरांत हे नाव ठाऊक आहे? एखादा मराठी चित्रपट परदेशी महोत्सवात गाजला तर वृत्तपत्रांत रकाने भरून मजकूर येतो, शाळांमधून खास खेळ लागतात. तितक्याच कष्टाने घडवलेल्या या कलाकृतीच्या वाट्याला त्याच्या दशांशानेही कौतुक आले नाही. परक्या परीक्षकांची दाद आणि घरच्यांचे मौन, असा हा विचित्र अनुभव आहे.

करवतकाठीला आलेला अनुभव

भंडारा जिल्ह्याला मात्र हा अनुभव नवा नाही. झाडीतील ऐन आणि अर्जुनाच्या झाडांवर कोसा वाढवायचा, त्याचे सूत काढायचे आणि मागावर करवतकाठी विणायची, ही येथील पिढ्यान्‌पिढ्यांची विद्या आहे. मोहाडी तालुक्यातील आंधळगाव तर कोशाच्या कापडासाठीच ओळखले जाते. काठ आणि अंग यांच्यासाठी तीन वेगवेगळे धोटे चालवून, दोन्हींचे धागे एकमेकांत गुंतवत करवतीच्या दात्यांसारखी नक्षी उमटवायची, हे काम घाईने होत नाही. एक पातळ मागावरून उतरायला कित्येक दिवस लागतात. या वस्त्राला भौगोलिक मानांकनही मिळाले आहे. तरीही कोष्टी समाजातील नवी पिढी मागावर बसायला तयार नाही, कारण बाजारात यंत्रमागावरची नक्कल एका दिवसात ढिगाने येते आणि गिऱ्हाइकाला दोन्हींतला फरक सांगणारे कोणी नसते.

भंडाऱ्याच्या पितळी भांड्यांचेही तेच झाले. पितळेचे शहर म्हणून या गावाचा लौकिक. लेकीच्या लग्नात येथली भांडी देणे ही प्रतिष्ठेची गोष्ट होती. पण आधी अॅल्युमिनियम आणि मग स्टेनलेस स्टील आले. कारागिराच्या हातातले कसब कमी झाले नव्हते आणि भांडी वाईट निघू लागली नव्हती. स्वयंपाकघर बदलले, कल्हईची कटकट कोणाला नकोशी झाली आणि बाजार दुसरीकडे वळला.

या दोन्ही उदाहरणांतून एक कटू सत्य पुढे येते. वस्तू उत्तम असणे आणि वस्तू विकली जाणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. ‘गुणाची कदर होतेच’ हे सुभाषित म्हणून ठीक आहे, व्यवहार म्हणून नाही. कदर होण्यासाठी गुण ओळखणारा डोळा लागतो, तो डोळा घडवणारी व्यवस्था लागते आणि वस्तू त्या डोळ्यापुढे नेऊन ठेवणारा मार्ग लागतो. या तिन्हींतील एकही नसेल तर करवतकाठी असो वा संगणकीय खेळ, पेटीत पडून राहतो.

पहिल्या प्रतीचा भार

मात्र विणकर आणि खेळ घडवणारा यांच्यात एक मोठा भेद आहे आणि तो लक्षात घेतल्याशिवाय या व्यवसायाची अडचण समजत नाही. विणकर एक पातळ विणतो, ते विकतो आणि आलेल्या पैशातून पुढच्या पातळाचे सूत घेतो. शे-दोनशे चोखंदळ गिऱ्हाइके बांधलेली असली तरी त्याचे घर चालू शकते. संगणकीय खेळाचा सारा खर्च पहिल्या प्रतीतच होतो. दुसऱ्या प्रतीला जवळजवळ काहीच लागत नाही, पण पहिली प्रत तयार होईपर्यंत तीन-चार वर्षे एक पैसाही परत येत नाही.

एक साधा हिशेब उदाहरणादाखल मांडता येईल. दहा जणांचा चमू आहे, प्रत्येकाला महिना सरासरी पन्नास हजार रुपये द्यायचे आहेत आणि काम तीन वर्षे चालणार आहे, असे धरले तर नुसत्या पगारावर १ कोटी ८० लाख रुपये खर्च होतात. खेळाची किंमत ५०० रुपये ठेवली आणि दुकानाचे कमिशन, कर व प्रकाशकाचा वाटा वजा जाऊन निर्मात्याच्या हाती २०० रुपये आले, तर केवळ खर्च भरून निघण्यासाठी ९० हजार प्रती खपाव्या लागतात. नफ्याची गोष्ट त्यानंतरची. ज्या देशात उत्तम साहित्यकृतीची हजार-दोन हजार प्रतींची आवृत्ती संपायला वर्षे लागतात, तेथे वेगळ्या वाटेच्या खेळाला ९० हजार ग्राहक आणायचे कुठून?

त्यात दुकानाची स्थिती पाहावी. संगणकावरील खेळांचे जगातील सर्वांत मोठे दुकान म्हणजे अमेरिकेतील व्हॉल्व्ह कंपनीचे ‘स्टीम’. तेथे २०२४ या एका वर्षात १८ हजारांहून अधिक नवे खेळ दाखल झाले, म्हणजे दिवसाला सुमारे पन्नास. या गर्दीत एखाद्या छोट्या संस्थेचा खेळ पहिल्या पानावर दिसण्याचा अवधी काही तासांचा असतो. तेवढ्यात खरेदी झाली तर दुकानाचे गणित त्याला आणखी पुढे करते. न झाली तर तो तळाशी जातो. प्रत्येक विक्रीमागे दुकान सर्वसाधारणपणे ३० टक्के ठेवून घेते. प्रचंड खप झालेल्या खेळांना हे कमिशन कमी होत जाते, म्हणजे ज्याला सवलतीची गरज कमी त्यालाच ती मिळते. शिवाय घेतल्यापासून दोन आठवड्यांच्या आत आणि दोन तासांहून कमी खेळलेला खेळ परत करता येतो. ग्राहकाच्या दृष्टीने हा नियम न्याय्य आहे. पण चार-पाच तासांची बांधीव कथा सांगणाऱ्याला तो जाचक ठरू शकतो. ‘इतके पैसे देऊन चारच तास?’ हा प्रश्न विचारणारा ग्राहक, शंभर तास तीच ती कवायत करवून घेणाऱ्या खेळावर मात्र खूश असतो. कादंबरीची किंमत पानांवरून आणि गाण्याची किंमत मिनिटांवरून ठरवावी, तसलाच हा प्रकार आहे.

फुकटाची सवय

भारतातील परिस्थितीला आणखी काही पदर आहेत. पाश्चात्त्य देशांत आणि जपानमध्ये घरातील दूरचित्रवाणीला जोडायचे खेळयंत्र दोन-तीन पिढ्यांपासून आहे. भारतातील बहुसंख्य घरांत ते कधी आलेच नाही. ज्यांच्याकडे संगणक होता, त्यांनी दोन दशकांपूर्वी चोरट्या सीडींवर खेळ खेळले. खेळाला पैसे मोजायचे असतात हा संस्कारच झाला नाही. पुढे स्वस्त स्मार्टफोन आणि स्वस्त इंटरनेट आले आणि कोट्यवधी लोक एकदम खेळणारे झाले. पण ते फुकट खेळणारे झाले.

फुकट खेळ हा धर्मादाय नसतो, हे समजून घेतले पाहिजे. त्याचे उत्पन्न जाहिरातींतून येते, खेळातील पात्रांचे कपडे आणि शस्त्रे विकून येते आणि खेळणाऱ्याने पुन्हा पुन्हा परत यावे या दृष्टीने रचलेल्या मोहातून येते. अशा खेळाला शेवट नसतो, कारण शेवट झाला तर धंदा संपतो. राजीची कथा मात्र संपते. तिला सांगायचे आहे ते सांगून ती निरोप घेते. म्हणून ती एका रकमेला विकत घ्यावी लागते. ग्राहकाच्या मनात मात्र तुलना ५०० रुपये आणि शून्य रुपये अशी होते. त्या शून्याच्या आड आपल्या मुलाचे किती तास आणि अखेरीस किती रुपये जातात, याचा हिशेब कोणी मांडत नाही.

सप्टेंबर २०२० मध्ये केंद्र सरकारने ‘पबजी मोबाइल’वर बंदी घातली, तेव्हा मैदान मोकळे झाले असे अनेकांना वाटले. परंतु जुलै २०२१ मध्ये त्याच धाटणीचा खेळ भारतासाठी वेगळ्या नावाने परत आला. पैसे लावून खेळल्या जाणाऱ्या ऑनलाइन खेळांवर ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने कायदा करून बंदी आणली. अनेक संसारांची धूळधाण थांबवण्यासाठी ते पाऊल आवश्यकच होते. तथापि बंदीने वाईट वस्तू दूर होते, चांगली वस्तू आपोआप जवळ येत नाही. रिकाम्या शेतात तण आधी उगवते, हे धान पिकवणाऱ्या जिल्ह्याला वेगळे सांगायला नको.

नुसत्या भावनेवर बाजार उभा राहत नाही

यावर एक उत्तर हमखास दिले जाते : ‘स्वदेशी म्हणून घ्या.’ हे आवाहन चुकीचे नाही, पण अपुरे आहे आणि त्याचा अनुभवही घेऊन झाला आहे. २६ जानेवारी २०२१ रोजी ‘फौजी’ हा भारतीय खेळ मोठा गाजावाजा होऊन आला. लाखो लोकांनी पहिल्याच दिवसांत तो उतरवून घेतला. पण खेळात पुरेसा दम नाही, असे खेळणाऱ्यांनाच वाटू लागले आणि दुकानातील त्याचे गुणांकन झपाट्याने घसरले. देशप्रेमाने माणूस दारापर्यंत आला, पण आत त्याला बसवून ठेवील असे काही हवे होते.

त्याआधी २००९ मध्ये हैदराबादच्या एका संस्थेने सोनीच्या प्लेस्टेशन-२ यंत्रासाठी ‘हनुमान : बॉय वॉरियर’ हा खेळ केला होता. यंत्रावरचा संपूर्णपणे भारतात घडलेला पहिला खेळ म्हणून त्याचा बोलबाला झाला. समीक्षकांना तो सामान्य वाटला. शिवाय ज्याची पूजा करायची त्या देवाला बटणे दाबून नाचवायचे, धडपडवायचे, यावर परदेशस्थ हिंदू मंडळींतून आक्षेपही घेतले गेले. तो आक्षेप अनाठायी म्हणून झटकून टाकण्यासारखा नव्हता. श्रद्धेचा विषय हा केवळ विक्रीचे लेबल म्हणून वापरला की श्रद्धावंत दुखावतो आणि खेळणाराही समाधानी होत नाही. ‘राजी’ने हा पेच विचारपूर्वक सोडवला. तेथे खेळणाऱ्याच्या हाती देवता दिलेली नाही, तर एक साधी मुलगी दिली आहे. देवता कृपा करते, मार्ग दाखवते, झगडायचे मात्र माणसालाच आहे. कीर्तनातील आख्यान असो वा दंडारीतील सोंग, आपल्या परंपरेने कथा सांगताना हाच विवेक सांभाळला आहे.

तात्पर्य असे की, स्वदेशी हा गुणवत्तेला पर्याय नाही, तो गुणवत्तेला मिळालेला आधार असला पाहिजे. सुमार वस्तू देशभक्तीच्या नावावर खपवली तर पुढच्या चांगल्या वस्तूचा मार्गही बंद होतो. एकदा फसलेले गिऱ्हाईक दुसऱ्यांदा दारात येत नाही.

ओकामी आणि वुकाँग

बाहेरच्या जगातील दोन उदाहरणे या संदर्भात बोलकी आहेत. जपानमध्ये २००६ साली ‘ओकामी’ हा खेळ आला. सूर्यदेवता अमातेरासू शुभ्र लांडग्याच्या रूपात उजाड झालेल्या भूमीत पुन्हा चैतन्य आणते, ही त्याची कल्पना. सारा खेळ जपानी शाई-चित्रांच्या शैलीत रंगवलेला होता. समीक्षकांनी त्याला डोक्यावर घेतले, वर्षातील सर्वोत्तम खेळ म्हणून त्याचा गौरव झाला आणि तरीही तो अपेक्षेइतका खपला नाही. तो घडवणारा ‘क्लोव्हर स्टुडिओ’ २००७ मध्ये बंद झाला. सर्वोत्तम ठरूनही सर्वांत कमी खपलेला खेळ, अशी त्याची विक्रमांच्या पुस्तकात नोंद झाली. परंतु कथा तेथे संपली नाही. खेळाचे हक्क बाळगणाऱ्या कंपनीने तो नव्या यंत्रांसाठी पुन्हा पुन्हा प्रकाशित केला, नव्या पिढीने तो शोधून काढला आणि डिसेंबर २०२४ मध्ये त्याच्या पुढच्या भागाची घोषणा झाली. चांगल्या वस्तूला उशिरा का होईना दिवस येतात, पण तोवर ती जिवंत ठेवणारा कोणी पाठीशी असावा लागतो.

दुसरे उदाहरण चीनचे. ऑगस्ट २०२४ मध्ये ‘ब्लॅक मिथ : वुकाँग’ हा खेळ प्रकाशित झाला. भारताकडे धर्मग्रंथ आणण्यासाठी निघालेल्या भिक्षूची आणि त्याच्या वानर-शिष्याची जुनी चिनी कथा त्याच्या मुळाशी आहे. पहिल्या तीन दिवसांत त्याच्या एक कोटी प्रती विकल्या गेल्या आणि त्यांतील मोठा भाग खुद्द चीनमध्ये खपला. चीनमध्येही कालपरवापर्यंत मोबाइलवरील फुकट खेळांचेच राज्य होते. चोरट्या प्रतींची सवय तेथेही होती. तरीही आपल्या पुराणकथेवर, आपल्या मंदिरांच्या शिल्पांवर जागतिक दर्जाचे काम झालेले दिसताच तेथील तरुणांनी खिशात हात घातला. अर्थात ती निर्मितीही रातोरात झालेली नव्हती. आधी मोबाइलच्या खेळांतून अनुभव आणि पैसा मिळवून, मग काही वर्षे खपून ती संस्था येथवर आली होती. घरच्या बाजाराने पाठ थोपटली आणि मग जगाने दखल घेतली. ‘राजी’च्या बाबतीत हा क्रम उलटा झाला.

झाडीपट्टीचा धडा

मग करायचे काय? याचे उत्तर दूर शोधायला नको. ते भंडाऱ्याच्या मंडईतच आहे.

झाडीपट्टीची रंगभूमी हीदेखील एका मर्यादित प्रदेशाची, मर्यादित प्रेक्षकांची कला. मुंबई-पुण्याच्या नाट्यव्यवसायाने तिची दखल क्वचितच घेतली. २०२३ मध्ये झाडीपट्टीतील ज्येष्ठ कलावंत परशुराम खुणे यांना पद्मश्री मिळाली, तेव्हा उर्वरित महाराष्ट्राला या रंगभूमीची जाणीव झाली. पण दखल घेतली जावो वा न जावो, ती चालत राहिली. का? कारण तिने आपला प्रेक्षक ओळखला आहे. धान घरात आले की हाती पैसा असतो, म्हणून तिचा हंगाम तेव्हाच. शंकरपटाला पंचक्रोशी लोटते, म्हणून तिचा तंबू तेथेच. बैलांच्या शर्यतींवरील २०१४ च्या बंदीने शंकरपट थांबले तेव्हा या गणिताला धक्का बसला, पण नाटकाने मंडईच्या आधाराने तग धरला. नाटकाची भाषा प्रेक्षकाला कळणारी, प्रश्न त्याच्या घरातले, गाणी त्याला गुणगुणता येतील अशी. तिकीट गावकऱ्याला परवडेल असे. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे, गावातील मंडळच नाटक आणते. कंपनी बोलावण्याआधी गावाने पदरमोड करण्याची तयारी ठेवलेली असते. गिऱ्हाईक आधी असते, प्रयोग मागाहून होतो.

संगणकीय खेळांच्या क्षेत्राने घ्यावा असा धडा हाच आहे. भारतीय निर्मात्यांनी ज्याच्या हाती मोबाइल आहे त्याच्यासाठी मोबाइलवर, त्याच्या भाषेत आणि त्याला झेपेल अशा किमतीत लहान पण निर्दोष खेळ आणावेत. ‘राजी’ला हिंदी संवाद मिळाले ते सुधारित आवृत्तीत, पहिल्या प्रकाशनानंतर सुमारे वर्षभराने. हाच क्रम बदलायला हवा. भारतीय कथा भारतीय भाषेत आधी बोलली पाहिजे. यूपीआयमुळे गावातला मुलगाही पन्नास-शंभर रुपये सहज देऊ शकतो, म्हणजे पैसे पोहोचवण्याची जुनी अडचण आता उरलेली नाही. उरली आहे ती देण्याची सवय.

ही सवय लावण्याचे काम समाजाचे आहे. बहुतेक घरांत ‘गेम’ हा शब्द निव्वळ शिवीसारखा उच्चारला जातो. मुलाने खेळूच नये असा हट्ट धरायचा आणि मग तो जे चोरून फुकट खेळतो त्याकडे डोळेझाक करायची, हे पालकत्व नव्हे. पालकांनी चांगले पुस्तक निवडावे तसा चांगला खेळ निवडावा, तो विकत घ्यावा आणि मुलासोबत बसून पाहावा. मराठी वृत्तपत्रे आणि नियतकालिके नाटक-चित्रपटांचे परीक्षण छापतात, त्यांनी खेळांचेही छापावे. करवतकाठी आणि तिची नक्कल यांतला फरक सांगणारे कोणी नसले की काय होते, ते येथे वेगळे सांगायची गरज नाही. परीक्षणामुळेच डोळा तयार होतो. महाविद्यालयांच्या स्नेहसंमेलनांतून, विज्ञान प्रदर्शनांतून भारतीय खेळांची ओळख करून देणे अवघड नाही.

शासनाचीही यात भूमिका आहे. अॅनिमेशन, खेळ आणि संबंधित उद्योगांसाठी महाराष्ट्राने २०२५ मध्ये स्वतंत्र धोरण मंजूर केले, हे स्वागतार्ह आहे. परंतु अशा धोरणांचा रोख बहुधा इमारती, प्रशिक्षण केंद्रे आणि गुंतवणुकीचे आकडे यांवर असतो. कारागीर तयार करायचे आणि गिऱ्हाइकाचा विचार करायचा नाही, ही चूक हातमागाच्या बाबतीत होऊन गेली आहे. शासनाने निवडक भारतीय खेळांच्या प्रती ग्रंथालयांसाठी आणि शाळांसाठी विकत घेतल्या, जशी चांगली पुस्तके घेतली जातात, तर छोट्या संस्थेला पहिल्या काही हजार प्रतींचा आधार मिळेल. अनुदान एकदा मिळते आणि संपते. ग्राहक मिळाला की पुढचा खेळ घडतो.

हा सारा विचार केवळ एका उद्योगाच्या नफ्या-तोट्यासाठी करायचा नाही. एका पिढीच्या मनात शौर्याची, सौंदर्याची, साहसाची पहिली चित्रे कोण रेखाटणार, हा त्यामागचा खरा प्रश्न आहे. पूर्वी ती आजीच्या गोष्टींतून, कीर्तनातून, दंडारीतून रेखाटली जात. आज ती हातातल्या काचेच्या पडद्यावर रेखाटली जात आहेत. मंडईच्या तंबूबाहेर माना खाली घालून बसलेल्या त्या मुलांपर्यंत राजी पोहोचली असती, तर ती त्यांना आवडली नसती असे मानण्याचे कारण नाही. आंधळगावच्या मागावर उतरलेले पातळ आणि पुण्याच्या संगणकावर घडलेला खेळ, दोघांची मागणी एकच आहे. त्यांना दया नको आहे, पारख असलेले गिऱ्हाईक हवे आहे. ते घडवण्याची जबाबदारी कारागिराची एकट्याची नाही. नाटकाचे तिकीट आपल्या खिशातून काढणाऱ्या झाडीपट्टीतील शेतकऱ्याने ती आपल्यापुरती केव्हाच उचलली आहे. आता ती इतरांनी उचलायची आहे.